विरळणी

मापारी वजनात चुकला, असं एकवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मत्स्यपालन केंद्रातल्या बारा टाक्या त्याच्या ताब्यात होत्या. दर सोमवारी प्रत्येक टाकीतून वीस मासे जाळ्याने काढायचे, ओल्या फडक्यात धरून काट्यावर ठेवायचे आणि त्या विसांवरून आतल्या हजारोंची तब्येत सांगायची, हे त्याचं काम. शितावरून भाताची परीक्षा, पण ग्रॅममध्ये. त्याचं खरं नाव वेगळं होतं. त्या नावाने कुणी हाक मारली असती तर दुसरंच कुणी आलंय असं समजून त्याने मागे वळून पाहिलं असतं.

माणूस कष्टाळू, नाकासमोर चालणारा. दोष एकच. जे मोजता येतं ते त्याला कळायचं, आणि जे मोजता येत नाही ते नसतंच, असा त्याचा समज होता. असे लोक वाईट नसतात. त्यांच्याबरोबर संसार करणं मात्र सोपं नसतं, आणि त्याच्या बायकोने तो एकोणीस वर्षं बिनतक्रार केला होता.

घरात तिला सगळे थोरली म्हणत, कारण ती थोरली सून. मापाऱ्याच्या भावाची बायको ती धाकटी. घर दोन खोल्यांचं आणि माणसं नऊ: म्हातारे आईवडील, दोघे भाऊ, दोघी जावा आणि धाकटीची तीन मुलं. थोरलीला मूल झालं नाही, पण ती तिन्ही मुलं नक्की कुणाची हे शाळेतल्या बाईंनाही धड ठाऊक नव्हतं. पालकसभेला कधी ही जायची, कधी ती. बाकीचे सगळे बाहेरच्या खोलीत झोपत. दोघी जावा गेली सोळा वर्षं स्वयंपाकघरात, ओटा आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात, एकाच सतरंजीवर. पाय पसरले की भांड्यांच्या मांडणीला लागायचे. मापारी बाहेर आडवा पडला की आतून दबलेला आवाज यायचा, तोंडावर हात घट्ट दाबून धरल्यासारखा. बायको रडते आहे, असं तो धरून चालला होता. अशा घुसमटीत कोण रडणार नाही? तिला विचारायचं धाडस त्याने कधी केलं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात; त्या घरात तर भिंतीला नऊ माणसं टेकलेली होती.

मग एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. केंद्रातल्या दोन टाक्यांना तडे गेले, आणि थोरलीच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

तडे गेलेल्या टाक्यांतले मासे मॅनेजरने चार नंबरच्या टाकीत कोंबले. "आठवडाभराचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. आठवड्याचे दोन महिने झाले. आधीच भरलेल्या टाकीत तिप्पट मासे. पाण्यात हवा सोडणारे पंप अखंड चालू, खाद्य वेळेवर, पाणी स्वच्छ, तरी मासे वाढेनात. पहिल्या सोमवारी सरासरी एकशेदहा ग्रॅम होती, साठ दिवसांनी एकशेचौदा. शेपट्या झिजून जुन्या कुंचल्यासारख्या झाल्या. अंगावर घासल्याच्या जखमा होत्या, आणि झालेली जखम भरून येईना.

"खातात ते सगळं घाबरण्यातच खर्च होतं त्यांचं," मापारी मॅनेजरला म्हणाला. "अंगाला लागायला उरणार काय?"

"तू मासा होतास का मागच्या जन्मी?" मॅनेजर म्हणाला.

घरी थोरलीचंही तेच चाललं होतं. टाके निघाले, पण एका टोकाला जखम ओलीच राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आराम करा, चांगलं खा, वजन वाढू दे. अंगात काही असेल तरच जखम भरेल ना." आराम करायचा कुठे? ती ओट्याखाली पडलेली, डोक्यावर भांड्यांची आदळआपट, पायाशी पाढे घोकणारी मुलं, आणि तासातासाला शेजारपाजारची कुणीतरी "आता कसं वाटतंय?" विचारायला हजर. मापारी दारात उभा राहून हे सगळं बघायचा, आणि त्याला चार नंबरची टाकी आठवायची. त्याच्या मनात ती दोन चित्रं एकावर एक बसली, ती कायमचीच.

शेवटी टाक्या दुरुस्त झाल्या आणि मॅनेजर राजी झाला. शेतात दाटीने उगवलेली रोपं उपटून काढतात, त्याला विरळणी म्हणतात; मापाऱ्याने तोच शब्द टाक्यांना लावला. त्याने स्वतःच्या हाताने चार नंबरची विरळणी केली. दोन तृतीयांश मासे दुरुस्त टाक्यांत गेले. सगळ्यांत अशक्त होते ते तीस मासे त्याने नुकत्याच रिकाम्या झालेल्या शेवटच्या मोठ्या टाकीत सोडले, एवढं पाणी त्यांचं एकट्यांचं. मग या टाक्यांवर पाटी लावली: 'जाळं टाकू नये. काठावर थांबू नये. पंधरा दिवस वजन नाही.' एकवीस वर्षांत पहिल्यांदाच या टाक्यांचे दोन सोमवार मापाऱ्याने वजनाविना जाऊ दिले.

मोकळ्या पाण्यात आल्यावरही दुरुस्त टाक्यांतले मासे आठवडाभर भिंतीशी, पूर्वीएवढ्याच जागेत गोळा होऊन राहिले. खाद्य टाकलं तरी वर येईनात. मॅनेजर कुरकुरला. मापारी म्हणाला, "गर्दी गेली, पण ती त्यांच्या अंगातून जायची आहे अजून. हात लावू नका." दहाव्या दिवशी ते पसरले. पंधराव्या दिवशी खाद्याची पहिली मूठ पडताच पाणी उसळलं. महिन्याभरात शेपट्या भरून आल्या.

मॅनेजर खूश झाला, आणि खूश झालेला मॅनेजर म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. जुन्या ऑफिसच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, एक खिडकी टाक्यांकडे आणि एक फाटकाकडे. "इथेच राहायला ये," तो म्हणाला. मापाऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरला. दोन खोल्या आणि माणसं दोन! त्याने घरी जाऊन सांगितलं आणि वर नियमही सांगितला. महिनाभर कुणी तिकडे फिरकायचं नाही. तिला शांतता हवी. "मी माशांवर बघितलंय."

"वहिनी काय मासा आहे का?" भाऊ हसला. आईने तोंड फिरवलं. धाकटीने थोरलीच्या कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरल्या, आणि निघताना ती जुनी रुंद सतरंजी गुंडाळून मापाऱ्याच्या काखेत दिली.

"ही न्या भाऊजी. तिला दुसरीवर झोप लागत नाही."

नव्या जागेत थोरलीने पहिल्याच दिवशी ती सतरंजी भिंतीलगत पसरली आणि तिच्या अगदी भिंतीकडच्या काठावर, अंग चोरून, आडवी झाली. बाकीची सतरंजी मोकळी, आणि पुढे अख्खी खोली मोकळी. मापाऱ्याने ते बघितलं आणि मनात म्हणाला, भिंतीला चिकटली आहे. आठवड्यात सुटेल. त्याला बरंसुद्धा वाटलं, कारण हे सगळं त्याने आधी पाहिलेलं होतं. त्याने स्वतःची खाट बाहेरच्या खोलीत टाकली, म्हणजे तिला तेवढाही अडथळा नको.

तो सकाळी चहा ठेवून जायचा, दुपारी जेवण आणायचा, आणि तिच्याशी कामापुरतं बोलायचा. दर सोमवारी मात्र खाद्याची पोती तोलायच्या काट्यावर तिला उभी करायचा.

"मी तुमचं सॅम्पल का?" ती पहिल्यांदा हसून म्हणाली. "मग बाकीच्या एकोणीसजणी कुठायत?"

"हलू नकोस. काटा हलतो."

"त्रेचाळीस. विकायला काढणार असाल तर आत्ताच काढा, पुढे भाव उतरेल."

दुसऱ्या सोमवारी बेचाळीस भरलं. तिसऱ्या सोमवारी एकेचाळीसवर काटा थांबला, आणि ती आकडा न बघताच खाली उतरली.

कधीकधी ती काहीतरी विचारायची. "मोठ्याची परीक्षा झाली असेल ना?" किंवा "धाकटीचा गुडघा दुखत होता, बरा असेल का?" तो म्हणायचा, "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? तू आराम कर." आणि ती आराम करायची. आज्ञाधारक बायको मिळणं हे भाग्य समजतात. ते भाग्य मापाऱ्याच्या मुळावर आलं, असं मला वाटतं.

तिसऱ्याच आठवड्यात एका दुपारी धाकटी फाटकाशी आली. चालत आली होती, घामाघूम, हातात डबा.

"झोपलीये ती," मापारी म्हणाला. ती झोपलेली नव्हती. पण एवढ्याशा खोट्याने काय बिघडतं?

"मी दारातच बसते, भाऊजी. तोंडातून शब्द काढणार नाही."

"नको गं. आत्ता कुठे शांत झालीये. तू आलीस की पुन्हा सगळं ढवळलं जाईल."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, डबा दिला आणि वळली. मापाऱ्याला तिचं वाईट वाटलं. नाही असं नाही. पण औषध कडूच असतं, असं म्हणून तो आत आला. थोरली खिडकीजवळच्या स्टुलावर बसून टॉवेलची घडी घालत होती.

"कॅन्टीनमधून आणलंय आज," तो म्हणाला. धाकटी येऊन गेली कळलं तर हिचा जीव तिकडे ओढ घेईल, असा त्याचा विचार.

तिने एक घास खाल्ला. "मीठ जास्त झालंय," ती म्हणाली, आणि खाली मान घालून सगळा डबा संपवला. तळाला बोट फिरवून चाटलंसुद्धा. मापाऱ्याने भिंतीवर खडूने तारीख लिहिली, पुढे 'पूर्ण जेवली' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. शांततेचा गुण येतोय, असं त्याचं निदान. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ताट अर्धं परत जाऊ लागलं. महिना संपला. वजन वाढलं नव्हतं, म्हणून मापाऱ्याने काय करावं? नियम आणखी पंधरा दिवस वाढवला. घरी तसा निरोप पाठवला.

इकडे शेवटच्या टाकीतले तीस मासे त्याला कोड्यात टाकत होते. सगळ्यांत जास्त जागा त्यांना, सगळ्यांत कमी त्रास त्यांना, आणि तेच दर सोमवारी उतरत होते. तीसचे तेवीस झाले. भिंतीला लागून उभे राहायचे, खाद्य अंगावरून तळाला जायचं. महिन्यातून एकदा माशांचे डॉक्टर यायचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टाकीत बराच वेळ पाहिलं.

"हे इतकेच का ठेवलेत?"

"दुबळे होते. मोकळी जागा दिली, सर. पंधरा दिवस हातसुद्धा लावला नाही."

"जागा आहे हो, पण सोबत कुठाय?" डॉक्टर म्हणाले. "थव्यात राहणारी जात ही. शेजारच्याने तोंड उघडलं की हा उघडतो. दाटी झाली तर एकमेकांना ओरबाडतात, खरं आहे. पण एवढे थोडे ठेवलेत तर भेदरून खाणंच सोडतात."

"पण सर, भिंतीला चिकटले होते ते गर्दीमुळे..."

"तेव्हा गर्दीमुळे असतील. आता एकटेपणामुळे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं." त्यांनी चष्मा खाली ओढला. "बाजूच्या टाकीतले चांगले खाणारे शे-दीडशे सोडा यांच्यात. उशीर झालाय जरा. बघू, किती वाचतात."

मापाऱ्याने मान वर केली. समोर त्याच्याच खोलीची खिडकी होती, आणि खिडकीत कुणी नव्हतं. त्याच्या हातातलं जाळं तिथेच पडलं. मासे सोडायचं काम दुसऱ्याला सांगून तो सायकलवर बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळेत केंद्राबाहेर पडला.

धाकटी भाजी चिरत होती. त्याला दारात बघून तिच्या हातातली सुरी थांबली. "काय झालं भाऊजी?"

"चल," तो म्हणाला. ती घरातल्या चपलेवरच निघाली.

ती खोलीत शिरली तेव्हा थोरली नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटीने हाक मारली नाही, काही नाही. सरळ गेली आणि सतरंजीच्या मोकळ्या बाजूवर आडवी झाली, जशी काही कालच तिथून उठून गेली होती. थोरलीने न वळता हात मागे करून तिचं मनगट पकडलं. मापारी दारात उभा होता. पाच आठवडे ती अर्धी सतरंजी तशीच मोकळी होती, आणि ती कुणाची जागा होती हे त्याला आत्ता कळलं.

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. थोड्या वेळाने आतून तो आवाज आला, तोच, तोंडावर हात घट्ट दाबून धरल्यासारखा. सोळा वर्षं ऐकलेला. मापारी धसकून उठला आणि त्याने खिडकीतून आत पाहिलं. दोघी हसत होत्या. थोरली पोटावर हात धरून, जखमेला हिसका बसू नये म्हणून दात आवळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"हळू," धाकटी म्हणत होती, "सासूबाई उठतील."

"इथे कुठल्या सासूबाई?" थोरली म्हणाली, आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं.

धाकटी तिथेच राहिली. आठ दिवस थोरली जेवली. आधी चार घास, मग पोळी, मग धाकटीच्या ताटातलंही. मुलं शाळेतून परस्पर यायची, टाक्यांभोवती धावायची, आणि मापारी त्यांना रागवायचा नाही. सोमवारी ती काट्यावर उभी राहिली तेव्हा धाकटीनेही मागून हळूच एक पाय काट्यावर ठेवला, आणि पंचावन्न भरलं. मापारीसुद्धा हसला. मग धाकटी बाजूला झाली. एकेचाळीस. कमी झालं नव्हतं. मापाऱ्याला त्या दिवशी तेवढंही पुष्कळ वाटलं.

नवव्या दिवशी तिला ताप भरला. ओल्या टोकातून आत काहीतरी शिरलं होतं, कधीच. डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं, सगळं केलं. चौथ्या दिवशी त्या बाहेर आल्या आणि मापाऱ्याशेजारी बाकावर बसल्या, तेव्हाच त्याला कळलं. "अंगात लढायला काही उरलंच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मधल्या महिन्यात पोटात नीट गेलं असतं तर." तो मधला महिना कुणाचा होता, हे मापाऱ्याला चांगलं माहीत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी धाकटी थोरलीच्या वस्तू आवरायला आली. मापारी खुर्चीवर बसून होता. भिंतीवरचे खडूचे आकडे तसेच होते. धाकटी घड्या घालत होती.

"तू डबा घेऊन आली होतीस," तो शेवटी म्हणाला. "ती झोपली नव्हती त्या दिवशी. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

त्याने मान वर केली.

"खिडकीत होती ती. मला दिसली तुमच्या खांद्यावरून. तिनेही पाहिलं मला. हातानेच म्हणाली, जा."

मापारी खुर्चीतून पुढे झुकला. "मग ती मला का नाही... एका शब्दाने तरी बोलायचं!"

"मी विचारलं तिला, इथे राहायला आले तेव्हा. म्हणाली, एवढी दोन खोल्यांची जागा मिळवली त्यांनी माझ्यासाठी. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, मला करमत नाही म्हणून?" धाकटीने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला लागली. "आणि मला म्हणाली, तूही बोलू नकोस. एकवीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नाही. हे एक चुकलं असं कळलं तर ते जेवणार नाहीत."

बाहेर पंप चालू होते. कुणीतरी टाकीत खाद्य टाकलं आणि पाणी उसळल्याचा आवाज आला.

"मग आता का सांगितलंस?" मापाऱ्याने विचारलं.

"माझ्याने नाही होत, भाऊजी," धाकटी म्हणाली. ती रडत होती आणि तिला रागही आला होता, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. "तिचं मन मोठं होतं. माझं नाही."

तिने पिशवी उचलली, सतरंजी गुंडाळून काखेत घेतली. दारापर्यंत गेली आणि थांबली. मग परत येऊन पिशवीतून डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "तिने सांगितलंय."

ती गेल्यावर मापारी खुर्चीवरून उठला आणि सतरंजी होती तिथे, भिंतीला टेकून, जमिनीवर बसला. डबा उघडला. पहिला घास तोंडात घेतला. मीठ जास्त झालं होतं. त्याने खाली मान घालून सगळा डबा संपवला.